उतारावरचा हात

पौष लागला की वळसंगच्या रस्त्यावर तूर अंथरतात आणि दरवर्षी माझं डोकं फिरतं. शेतकऱ्यांवर राग नाही हो माझा. डांबरी रस्ता म्हणजे त्यांना आयतं खळं. वरून एसटी जाते, ट्रक जातात, शेंगा फुटतात, आणि ऊन उतरलं की बायका सुपं घेऊन दाणे पाखडायला बसतात. पण चाकांखाली शेंगा तडतडायला लागल्या, तो कोरडा, जरासा कडवट वास खिडकीतून आत आला, की मला चाळीस वर्षांपूर्वीचा एक हिवाळा आठवतो आणि शेजारी बसलेल्या माणसाशी भांडावंसं वाटतं. शेजारचा माणूस म्हणजे आमचे हे. त्यांना कारण ठाऊक असतं, म्हणून ते खिडकीबाहेर बघत बसतात.

त्या हिवाळ्यात माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. मी अकलूजची. माहेरी ऊस, जीप, ट्रॅक्टर आणि मुलीने चाक हातात घेतलं तर "चालवू दे की तिला" म्हणणारे वडील. सासर सोलापूर शहरातलं. मामंजी डॉक्टर, आसपासच्या गावांत व्हिजिटला जायचे. हे शाळेत विज्ञान शिकवायचे. आणि दारात एक राखाडी फियाट, जिच्यावर घरातल्या प्रत्येकाचा वेगवेगळ्या कारणाने जीव होता.

पुण्याचा कुठलासा मोटार क्लब सोलापुरात येणार ही बातमी ह्यांनीच आणली. अक्कलकोट रस्त्याला नवी औद्योगिक वसाहत आखली होती. कारखाने यायचे होते, रस्ते आधी आले होते. त्या रिकाम्या रस्त्यांची एक फेरी ठरली होती. शर्यत म्हणावी तर शर्यत नव्हे, कारण एका वेळी एकच गाडी सोडायची. दुसरं कुणी पुढे नाही की मागे नाही, तुम्ही आणि घड्याळ. ज्याची फेरी सगळ्यात कमी वेळात, त्याला क्लब मद्रासच्या मोठ्या शर्यतीला नेणार. भाग घेणारे सगळे हौशी: एक दातांचे डॉक्टर, एक चादरींचे व्यापारी, एक वकील आणि आमचे हे.

मी म्हणाले, "मी चालवते."

हे हसले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. म्हणाले, "एका गाडीला एकच चालवणारा, असा नियम आहे. यंदा मी. पुढच्या वर्षी तू." क्लब दरवर्षी येणार होता म्हणे. हे मद्रासला जाऊन आले की घराचं नाव होणार, मग सुनेने गाडी पळवली तरी मामंजी हरकत घेणार नाहीत, असा एकूण बेत. मला पटला. त्या वयात मला काहीही पटायचं.

म्हणजे बघा, ह्यांचं मद्रास आणि माझं पुढचं वर्ष, दोन्ही त्या एका फेरीवर टांगलेली. ह्यांना फक्त आपलं दिसत होतं. मला दोन्ही दिसत होती, त्यामुळे सगळा जाच मलाच.

त्यातून गाव सोलापूर. इथे वेळ गिरण्यांच्या भोंग्यावर चालायची. "कधी येऊ?" तर "दुसऱ्या भोंग्याला ये." दोन भोंग्यांच्या मधे जो काही वेळ असायचा तो कुणाच्या मालकीचा नव्हता. अशा गावात हा माणूस शाळेच्या ड्रिल मास्तरांकडून स्टॉपवॉच मागून आणतो आणि सेकंदाच्या पाचव्या भागाबद्दल बोलतो! शेजारच्या काकूंनी मला मागच्या दारी बोलावून विचारलं होतं, "अगं, तुझ्या नवऱ्याची तब्येत बरी आहे ना? बागेत उभा राहून घड्याळ सुरू करतो आन् बंद करतो."

खरी अडचण मात्र भोंग्याची नव्हती, अ‍ॅव्हरेजची होती. पेट्रोल महागलं तेव्हापासून मामंजींच्या तोंडी हा एकच शब्द. गाडी कशी आहे, असं कुणी विचारत नसे. अ‍ॅव्हरेज किती देते, असं विचारत. स्थळ बघायला आलेली मंडळी मुलीचं शिक्षण विचारतात ना, तसं. आणि मामंजींचं एक शास्त्र होतं. उतार दिसला की गाडी न्यूट्रलला टाकायची, किल्ली फिरवून इंजिन बंद करायचं आणि नुसतं घरंगळत जायचं. "उतार फुकट काढायचा," हे त्यांचं वाक्य. ह्यांना गाडी त्यांनीच शिकवली होती, त्यामुळे ह्यांचा हात उतार आला की आपोआप किल्लीकडे जायचा. डोकं मद्रासला पोचलेलं असायचं आणि हात अजून मामंजींकडे शिकत असायचा.

ह्या दोघांच्या मधे सापडला हुसेनभाई मेकॅनिक. शनिवारी हे जाऊन कार्बोरेटर वेगासाठी लावून यायचे. सोमवारी मामंजी व्हिजिटला निघायचे, गाडी पेट्रोल पितेय असं त्यांच्या नाकाला कळायचं, आणि ते वाटेत थांबून सगळं परत अ‍ॅव्हरेजवर करून आणायचे. एकदा मी गाडी आणायला गेले तर हुसेनभाई हात पुसत म्हणाला, "भाभी, बेटा आको खोलताय, बाप आको बंद करताय. गाडी का दिमाग खराब हो जाएंगा." मी म्हटलं, "गाडीचं सोडा, माझं झालंय."

सरावाला वसाहतीचे रस्ते मिळेनात. तिथला रखवालदार काठी आडवी धरायचा. म्हणून ह्यांनी वळसंगच्या अलीकडचा एक तुकडा शोधला. तसंच डावं वळण, तशीच थोडी चढण, मग ओढ्याच्या पुलाकडे जाणारा लांब उतार आणि पुलापलीकडे पुन्हा चढ. कोवळ्या उन्हात आम्ही निघायचो. मी शाल गुंडाळून ह्यांच्या शेजारी, मांडीवर शेंगाचटणी-भाकरीचा डबा, गळ्यात स्टॉपवॉच. दोन्ही बाजूंना शाळू उभा, दव अंगावर घेऊन. आणि रस्त्यावर, आमच्या त्याच तुकड्यावर, तूर!

हे उतरून हात जोडायचे. "मामा, जरा बाजूला घेता का? आम्हाला गाडी पळवायची आहे."

शेतकरी मोठ्या आनंदाने म्हणायचा, "पळवा की! त्यापायीच तर टाकलीया. लई ब्येस मळणी हुतीया तुमच्या गाडीनं. अजून चार गिरक्या मारा."

चिडायचं तरी कुणावर? आम्ही सेकंद वाचवायला जात होतो आणि त्यांची तूर मळून देत होतो. शेंगांवरून चाकं सरकायची, वळणावर गाडी तिरकी व्हायची, हे दात ओठ खायचे. परत जाताना कुणीतरी कागदात हुरडा बांधून द्यायचं, मजुरी म्हणून. मामंजी तो हुरडा आवडीने खायचे, वर म्हणायचे, "वसंता, जातोस कुठे रे रोज सकाळी? अ‍ॅव्हरेज पार बसलंय."

सरावात माझी कामं दोन. घड्याळ दाबणं हे सांगायचं काम. खरं काम उताराचं होतं. उतार लागला की ह्यांचा डावा हात चाकावरून निघायचा आणि किल्लीच्या वाटेला लागायचा. मी ओरडायचे, "हात!" आणि फटकन चापट मारायचे. हात परत चाकावर. तो सबंध हिवाळा मी नवऱ्याला चापट्या मारल्या. असं भाग्य कुठल्या नव्या सुनेला लाभतं? पण चिडचिडही व्हायची. शिकलेला, सवरलेला माणूस, मुलांना गुरुत्वाकर्षण शिकवतो, आणि स्वतःचा हात ह्याला ऐकत नाही म्हणजे काय?

एकदा ह्यांना वाटलं की गाडी वळणावर कशी दिसते ते बाहेरून बघावं. म्हणाले, "तू जरा एक फेरी मार. सावकाश मारलीस तरी चालेल."

घड्याळ त्यांच्या गळ्यात दिलं आणि मी चाक हातात घेतलं. काय सांगू! सगळा हिवाळा मी त्या रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याशी शेजारच्या सीटवरून ओळख करून घेतली होती. वळण मनासारखं निघालं. चढ संपला, उतार लागला, समोर तुरीचा लांबच लांब पट्टा आणि कडेला सूप घेऊन बसलेली एक म्हातारी. मला बघून ती उठली, दोन्ही हात वर करून ओरडली, "निधान री, निधान!"

आता माझ्या माहेरच्या मराठीत निधान म्हणजे ठेवा, धन. मला वाटलं, म्हातारी आशीर्वाद देतेय. बाई गाडी चालवतेय हे बघून तिचं मन भरून आलं असणार. माझंही आलं. मी पाय आणखी दाबला. तूर दोन्ही बाजूंना शेतात उडाली, पूल गेला, चढ गेला, वर गाडी फिरवून तशीच परत आले, आणि मी वळणापाशी ह्यांच्यापुढे गाडी उभी केली तेव्हा माझे कान गरम झाले होते.

हे घड्याळाकडे बघत उभे. मग घड्याळ हलवलं. मग कानाला लावलं.

"किती?" मी विचारलं.

"अडकलं वाटतं," हे म्हणाले. "काटा मधेच थांबलाय."

तेवढ्यात म्हातारी सूप घेऊन तणतणत आली. इकडच्या माणसांना मराठी आणि कानडी दोन्ही एकाच श्वासात येतात. "अगं बाई, निधान म्हंजे हळू गं, हळू! समदी तूर शेतात उडीवलीस की! आता येच बसून दाणा दाणा!" मी खरंच बसले, पदर खोचून, ढेकळांतून तूर वेचत. हे पलीकडे गाडीला टेकून घड्याळाला किल्ली देत होते. मला परत फेरी मिळाली नाही. घड्याळ बाकी परतीच्या वाटेवर छान चालत होतं.

मग वजनाचं खूळ निघालं. गाडी हलकी तर वेळ कमी. मागची सीट निघाली, स्टेपनी निघाली, जॅक निघाला, पायाखालची रबरी चटई निघाली. मामंजींची औषधांची पेटी ओसरीवर आली. डॅशबोर्डवरचा गणपतीही काढून झाला होता, तो मी परत लावला. म्हटलं, एवढंही वजन सोसत नसेल तर घरीच बसा. आणि फेरीच्या दिवशी सकाळी, गाडी निघायला उभी असताना, हे माझ्याकडे बघायला लागले. ती नजर मी ओळखली. स्टेपनीकडे असंच बघितलं होतं.

"तू उतर," हे म्हणाले.

"अहो, मग हात कोण अडवणार?"

"ती सवय मोडली आता. गेले आठ-दहा दिवस गेलाय का हात?"

गेला होता. काल सकाळीच गेला होता, माझ्या तळव्याला अजून आठवत होतं. पण चारचौघांसमोर, क्लबचे टोपीवाले लोक उभे असताना, नवऱ्याला काय सांगणार? मी उतरले.

वसाहतीच्या रस्त्याकडेला अर्धं सोलापूर लोटलं होतं. चिरमुरेवाले, गुडदाणीवाले, सायकलींवर उभी राहिलेली पोरं, गिरणीतली पाळी संपवून थेट आलेले लोक. कुठली तरी बाई चूल मांडून चहा विकत होती, धूर आमच्या डोळ्यांत. मामंजी कोट-टोपी घालून पुढे उभे. मुलगा काय करतोय हे त्यांना त्याच आठवड्यात कळलं होतं. रागावले होते, पण आले होते. मी जरा उंचावर, उतार दिसेल अशा जागी उभी राहिले. आयत्या वेळी नाव दिलेल्या अकलूजच्या एका ऊसवाल्याच्या मुलाने ह्यांच्या आधी सुरेख फेरी काढली होती. माझ्या माहेरचा म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. काही बरं वाटलं नाही.

हे सुटले. सांगते ते खरं आहे, बायको म्हणून सांगत नाही: सुरुवात अशी काढली की क्लबचा एक माणूस दुसऱ्याला कोपराने ढोसून दाखवत होता. इथे तूर नव्हती ना! वळण सफाईने घेतलं. चढावर गाडीचा आवाज असा भरून आला की चिरमुरेवाल्याने मापटं खाली ठेवलं. मी मुठी वळल्या. चढ संपला. उतार लागला.

आणि आवाज बंद झाला.

एकदम. एवढ्या माणसांना एकाच वेळी शांतता ऐकू आली. मधेच कुठेतरी एक गाय हंबरली ती स्पष्ट ऐकू आली. फियाट नुसती घरंगळत खाली चालली होती, मोठ्या डौलात.

"हात!" मी ओरडले. तिथून, एवढ्या लांबून, जीव तोडून. "अहो, हात!"

शेजारची बाई दचकून म्हणाली, "कुनाचा मोडला गं?"

आणि पुढून टाळ्यांचा आवाज आला. एकाच माणसाच्या. मामंजी! सगळ्या गर्दीत एकटे, डोळे भरून, टाळ्या वाजवत होते. "शाब्बास वसंता! उतार फुकट काढला! शाब्बास!"

ह्यांना कळलं तेव्हा पूल ओलांडून झाला होता. चढावर गाडी मंदावली, स्टार्टर दोनदा कण्हला, मग इंजिन लागलं आणि हे धूर काढत वर आले. घड्याळवाल्याने वेळ वाचून दाखवली. अकलूजच्या पोरापेक्षा एका शिंकेइतकी जास्त. फक्त एका शिंकेइतकी! पाच सेकंद मागे असते तर मी एव्हाना विसरून गेले असते.

हे गाडीतून उतरलेच नाहीत. मी खिडकीपाशी गेले. ते आपल्या डाव्या हाताकडे बघत होते, दुसऱ्या कुणाचा असावा तसं. मला वाईट वाटलं आणि रागही तेवढाच आला. मामंजी मागून आले, खिडकीत वाकले आणि प्रेमाने म्हणाले, "अ‍ॅव्हरेज काढून बघू घरी."

घरी येताना रस्त्यात एक छोटा उतार आहे. ह्यांनी व्यवस्थित इंजिन बंद केलं. मी चापट मारली नाही.

पुढच्या वर्षी क्लब आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. कुणी म्हणालं, पुण्यातच भांडणं झाली. कुणी म्हणालं, परवानगी मिळाली नाही. मागची सीट परत बसवली, ती कायम करकरत राहिली. मुलगी झाली. वसाहतीत कारखाने आले आणि ज्या वळणावर हे सफाईने वळले होते तिथे ट्रक माल उतरवत उभे राहायला लागले. गाडी मी चालवत राहिले. मुलीला शाळेत सोडायला, मंडईत, शेवटी मामंजींना दवाखान्यात न्यायला. तेव्हाही उतार आल्यावर ते मागून क्षीण आवाजात म्हणाले होते, "सूनबाई, बंद कर की." केली बाई बंद. त्यांच्यासाठी केली.

पण मनात ते राहिलंच. पुढचं वर्ष हे इतकं सोपं आश्वासन आहे! देणाऱ्याचं काही जात नाही. मला मद्रास नको होतं. मला एक फेरी हवी होती, रिकाम्या रस्त्यावर, समोर घड्याळ घेऊन उभा असलेला एखादा अनोळखी माणूस, ज्याला मी कुणाची सून आहे हे माहीत नाही. तो काय आकडा वाचतो ते मला ऐकायचं होतं. बस, एवढंच. आता हे कुणाला सांगितलं तर म्हणतील, आजीला काहीतरीच.

यंदा ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून वळसंगला हुरड्याला जाताना चाक माझ्याकडे. गाडी मुलीची, नवी. तिला किल्लीच नाही, बटण आहे. शहरातल्या सिग्नलला थांबलो तर इंजिन आपलं आपण बंद झालं आणि निघताना आपलं आपण सुरू. हे कितीतरी वेळ हसत राहिले. म्हणाले, "बाबांनी हिला दत्तक घेतलं असतं."

मग तो आमचा तुकडा आला. शाळू उभा होता तसाच. वळण, चढ, आणि उताराच्या तोंडाशी तूर अंथरलेली. शेंगा तडतडायला लागल्या, वास आत आला. माझं डोकं फिरायच्या बेतात होतं, इतक्यात शेजारून ह्यांचा हात निघाला. शेजारच्या सीटवरून! सरळ, नेमका, जिथे फियाटची किल्ली असायची तिथे. तिथे काहीच नव्हतं. बोटं हवेत नुसती फिरली.

"हात!" मी म्हटलं आणि फटकन चापट मारली.

हात मागे गेला. हे तो चोळत बसले. मला वाटलं हसतील. हसले नाहीत. समोर बघत म्हणाले, "शैला, ते घड्याळ अडकलं नव्हतं."

"कुठलं घड्याळ?" मी विचारलं. मला माहीत होतं कुठलं.

"तू फेरी मारलीस तेव्हाचं. चालू होतं. माझ्यापेक्षा तुझी वेळ कमी होती. त्या दिवशी तू असतीस, तर अकलूजचं ते पोरही मागे पडलं असतं बघ, कदाचित."

चाळीस वर्षं! चाळीस वर्षं हा माणूस माझ्या हातची भाकरी खातोय, आणि तो आकडा पोटात घेऊन बसलाय. मला रडू येत होतं, आणि गाडी थांबवून ह्यांना तुरीत उतरवून द्यावंसंही वाटत होतं.

"आत्ता सांगताय?" मी म्हटलं.

आणि पाय दाबला. शेंगा दोन्ही बाजूंना उडायला लागल्या. कडेची एक बाई सूप टाकून उभी राहिली. ह्यांनी दाराच्या वरची मूठ दोन्ही हातांनी धरली आणि डोळे मिटून ओरडले, "अगं, निधान, निधान!"

"मी अकलूजची," मी म्हटलं. "मला त्याचा अर्थ वेगळा येतो."